घरापर्यंतची तार

पोस्टमन सकाळीच आपली जुनी मोटरसायकल ढकलत घेऊन आला. "मिस्त्री, हेडलाइट मिणमिणतोय. एवढं बघून द्या." आता 'एवढं' बघून देणं मिस्त्रींच्या रक्तातच नव्हतं. वायरिंग म्हटलं की ते गाडी पार सोलून काढत आणि गिऱ्हाईक कपाळाला हात लावून बसे.

सीट निघाली, टाकी उतरली. टाकीखाली चार वायरी एकमेकींना चिकटून काळ्या पडल्या होत्या. बोट लावताच वरचं प्लॅस्टिक भुगा होऊन गळालं. आतलं उघडं तांबं चेसिसच्या लोखंडाला टेकायला केसभर बाकी होतं.

"फ्यूज काय झोपा काढत होता?" मिस्त्री करवादले.

फ्यूज नव्हताच. बॅटरीजवळच्या डबीत त्याच्या जागी तांब्याची तार पिळून बसवली होती.

"कोण हा दीडशहाणा? फ्यूज स्वतः जळून गाडी वाचवतो. ही तार गाडी जाळेल, पण स्वतः तुटायची नाही!"

"तुम्हीच की," पोस्टमन भाबडेपणानं म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी वाटेत बंद पडली होती. म्हणालात, घरापर्यंत जाईल, उद्या आणा. मग राहूनच गेलं."

मिस्त्रींनी तार निरखली. तीन पीळ, टोक आत दुमडलेलं. हात त्यांचाच होता. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पण ते या गाडीमुळे नव्हे.

आज सकाळीच लेकीच्या मोटरसायकलचा फ्यूज लागोपाठ दोनदा उडाला होता. म्हणजे कुठेतरी तांबं उघडं पडलंय, हे त्यांना पक्कं कळत होतं. पण परीक्षेची वेळ झालेली, तिची घाई, आणि घरात तिसरा फ्यूज नाही. त्यांनी तार पिळली. "कॉलेजपर्यंत जाईल," म्हणाले. तीन पीळ, टोक आत.

त्यांनी फोन लावला. दोनदा नुसताच वाजला. तिसऱ्यांदा तिनं उचलला, मागे इंजिनाची धडधड.

"बाबा, पुलावर अडकलेय, गाड्यांची ही रांग! गाडी मस्त चाललीये हं. फक्त टाकी जरा जास्तच तापलीये."

"उतर! गाडी तिथेच टाक आणि लांब पळ!"

"अहो, थांबा, किल्ली तरी बंद करते."

किल्लीनं काही होणार नव्हतं. तार किल्लीच्या अलीकडे होती, थेट बॅटरीला जोडलेली; किल्ली बंद केली तरी टाकीखालच्या वायरीत वीज चालूच राहणार होती. "किल्ली राहू दे, पळ!" मिस्त्री ओरडले.

पलीकडे इंजिन थांबलं.

"केली बंद," लेक म्हणाली. "पण बाबा, मग हा धूर कसला?"