पंचवीस मिनिटांत विमान

विमान कंपनीचं दिवाळं निघालं होतं. कमी विमानांत तेवढ्याच फेऱ्या करून दाखवल्या, तरच कोर्ट तिला आणखी संधी देणार होतं. म्हणजे उतरलेलं विमान पंचवीस मिनिटांत परत निघायला हवं. नाहीतर इथलं ऑफिस बंद आणि गेटवरून प्रवाशांना विमानात सोडणारी ती, तिची नोकरीही गेली. घरी सासूबाईंच्या मांडीवर आठ महिन्यांची लेक होती.

आज चाचणी. कोर्टाने नेमलेले साहेब घड्याळ घेऊन उभे होते. विमान उतरलं आणि सगळे कामावर तुटून पडले. कॅप्टनसुद्धा कचऱ्याची पिशवी घेऊन फिरत होते.

"कॅप्टन, तो कोपरा राहिला!" सीट पुसता पुसता ती म्हणाली.

"घरीही हेच ऐकतो हो, बाई!"

विसाव्या मिनिटाला विमानाच्या दारात एका प्रवाशाची बाबागाडी अडकली. त्याला ती मिटेना, मागे रांग खोळंबली. ती धावतच दारापाशी गेली. असल्या गाडीशी तिची रोजचीच झटापट. तिने पायाने कळ दाबली, एक हिसका दिला आणि मिटलेली गाडी काखोटीला मारली.

"व्हा पुढे, दादा!"

विमान हललं. साहेबांनी घड्याळ तिच्यापुढे धरलं. चोवीस मिनिटं, पन्नास सेकंद!

तिने घरी फोन लावला. "आई, जमलं! उद्याही मी कामावर आहे!"