काकूची रजा

दीपमालाने पुन्हा एकदा ‘आई’ या शब्दावर बाण नेऊन दाबलं. पडद्यावर तीच लाल पट्टी उमटली : ही नोंद आधी झालेली आहे.

“काका, हे घेतच नाही,” ती खिडकीतून म्हणाली. “तुमच्या आईची रजा मागंच चढलेली आहे. पार्बताबाई. आईची रजा एकदाच भेटते ना.”

“हो,” खिडकीपलीकडून शेषराव म्हणाले. “ते बी मायच होती.”

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या त्या सूतगिरणीत हजेरी विभाग म्हणजे एक खिडकी, एक पंखा आणि दीपमाला. महिन्याची हजेरी दुपारी बंद व्हायची होती. त्याआधी शेषरावांचे गैरहजेरीचे दिवस कुठेतरी बसवायला हवे होते, पगारी नाहीतर बिनपगारी. गिरणीला तिसरं खातं ठाऊक नसतं. माणसाला असतं, पण त्याचं गिरणीला काय?

दीपमालाने युनियनच्या सेक्रेटरींना बोलावणं धाडलं. अब्दुल गफ्फार बाह्यांना चिकटलेला कापूस झटकत आले. दार उघडलं तशी मशीनखात्याची घरघर त्यांच्यामागून आत शिरली.

“काय अडलं?”

“नातं अडलं, भाई. यांच्याकडे माणिकबाई वारल्या.”

“कार्डावर तुले कोण लागत होत्या?” गफ्फारभाईंनी शेषरावांना विचारलं.

“काकू म्हणत होतो.”

गफ्फारभाईंचा चेहरा खुलला आणि मग प्रसंग आठवून त्यांनी तो आवरला. नव्या करारात त्यांनी हट्टाने एक कलम घालून घेतलं होतं : एकाच रेशनकार्डावरच्या काका-काकूंच्या मृत्यूलाही पगारी रजा. मॅनेजरसाहेब हसले होते. असली रजा मागायला कोण येतंय, म्हणाले होते. तेव्हापासून गफ्फारभाईंना एक तरी मागणारा हवा होता. कोणाच्या काकूने मरावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. पण मेलीच, तर तिने युनियनच्या कामी यावं, इतकंच.

“मंग अडलं कुठी? रेशनकार्ड एकच हाय तुमचं. लिहा बाई, काकू. पगारी. कलमातली पहिली केस आपली.”

दीपमालाने यादीतली ‘काकू’ शोधली. ती लगेच सापडली. लाल पट्टीही आली नाही.

“थांब पोरी,” शेषराव म्हणाले. “म्हणत होतो काकू. होती माय.”

यात गुपित असं काही नव्हतं. दर्यापूरकडच्या त्यांच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि गिरणीतही. थोरल्या भावाला मूल नव्हतं, म्हणून धाकट्याच्या बायकोने, माणिकबाईने, आपला पोरगा थोरल्या जावेच्या, पार्बताबाईच्या, ओटीत घातला. घर एक, चूल एक. पोराने कोणाला काय म्हणायचं हे बारशालाच ठरलं आणि पुढे ते कोणी मोडलं नाही.

“मले का मालूम नाई ते?” गफ्फारभाई म्हणाले. “पण कागदावर पार्बताबाई तुही माय. मंग हे काकूच झाली ना? खोटं काय हाय त्याच्यात?”

“खोटं काईच नाई.”

शेषराव खिडकीच्या कठड्यावरची धूळ बोटाने एका बाजूला सारत राहिले. धूळ संपली तरी बोट चालूच होतं.

“लहानपणी एक डाव मले ताप आला,” ते म्हणाले. “काकू उशाशी बसून होती. तापात मी तिले माय म्हटलं. तिनं माह्या कपायावरचा हात काढला न् सैपाकघरात हाक देल्ली, बाई, तुमचं लेकरू बोलावून राह्यलं. मंग उठून गेली.”

दीपमालाने बाण हलवला नाही.

“आता मातीच्या वक्ती महाराजानं इचारलं, लेक कोण? माह्या पाठचा, तिचा धाकटा पोरगा, म्होरं झाला. त्यानंच मडकं धरलं. मी पुतण्यायमंदी उभा.”

त्यांना वाईट वाटत होतं आणि ते लपवायची त्यांनी खटपट केली नाही.

“मंग आता काय बिनपगारी घेतं?” गफ्फारभाई चिडले. “हजेरीचं बक्षीस जाईन तुयं. अन् मॅनेजर म्हणन, पाहा, पगारी भेटून राह्यली तरी यायनं घेतली नाई. मी भांडलो ते काहून मंग?”

“तुमचं बरोबर हाय, भाई.”

“बरोबर हाय तर लिहू दे ना तिले!”

शेषराव दीपमालाकडे वळले.

“बिनपगारीत कारण काय लिहा लागते?”

“काहीही, काका. पगारीला यादी आहे, पुरावा लागतो. बिनपगारीला नुसती रिकामी जागा. ते कोणी वाचतही नाही.”

“मंग तिथंच लिही. माय वारली.”

“येडा झाला का बे तू?” गफ्फारभाई म्हणाले. पण ते निघून गेले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून, पाठ फिरवून उभे राहिले.

दीपमालाने लिहिलं. मशीनने कुरकुर न करता घेतलं. गिरणीचा पगार वाचत असला की ते कधीच कुरकुरत नसे.

“एक कागद दे ना त्याचा.”

बिनपगारीची प्रत कोणी मागत नाही. मिरवण्यासारखं त्यात काय असतं? छापून आलेला कागद दीपमालाने खिडकीतून पुढे सरकवला. शेषरावांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग परत दिला.

“चष्मा गावीच राह्यला. वाचून दाखव बरं.”

“नाव, शेषराव. रजा, बिनपगारी. मयत, माणिकबाई.” तिने बोट पुढच्या ओळीवर नेलं. “कारण, आई वारली.”

“आयकू नाई आलं,” शेषराव म्हणाले. “मशीनीचा आवाज लय हाय. एक डाव अजून वाच.”

गफ्फारभाईंनी मागे न पाहता हात लांबवला आणि दार लावून घेतलं.