शिवहारचा फोन

साखऱ्याच्या अलीकडे असलेल्या धनगरांच्या वाडीत त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. नव्यानंच आलेल्या एका महाराजांच्या हातात फोन होता आणि फोनवर मेलेली माणसं बोलत होती. साल दोन हजार तीन. मोबाइल होते ते हिंगोलीतल्या चार-दोन व्यापाऱ्यांकडे. वाडीत ना टॉवर, ना तार. तरी फोन माळावर बोलतो म्हटल्यावर तो थेट वरपर्यंत लागतो, हेही लोकांनी मान्य करून टाकलं.

"वरची लाइन नाजूक राहते बाबांनो," महाराज बजावत होते. "कल्ला केला की कटते."

सगळ्यात पुढे सिंधूबाई बसली होती. तिचा एकुलता एक शिवहार पाच महिन्यांपूर्वी साप चावून गेला होता. सून अंजली पोटुशी होती. पोरगा गेल्यापासून सिंधूबाईच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. महाराजांनी अंगठ्यानं खटका दाबून शिवहारचा पुकारा केला आणि खटका सोडला. खरखरीतून आवाज आला, "माय, जेवली का तू?" आईच्या कानाला तेवढं पुरलं. आवाजानं कुत्र्याचं नाव सांगितलं, साप कोणत्या बांधावर चावला ते सांगितलं, मेंढरांना लांबलचक हाकही मारली. शेवटी तो म्हणाला, "मी अंजलीच्याच पोटी येऊन राहिलो. तिला दवाखान्यात नेऊ नका. सुईचं लोखंड लागलं की मी माघारी फिरन."

शिवहारचा बाप मसाजी मागे, मेंढरांजवळ काठीला टेकून उभा होता. मेंढक्याची हाक ज्याची त्याची असते. शिवहार आधी दोनदा जीभ टाळूला वाजवायचा, मग लांब 'हुर्रऽ' करायचा. फोनमध्ये नुसतं 'हुर्रऽ' आलं. शंभर मेंढरांतल्या एकीनंही मान वर केली नाही. मसाजीला तिथंच कळलं, हे आपलं लेकरू नव्हे.

पण त्या दिवशी सिंधूबाईनं दीड भाकर खाल्ली. खाता खाता ती हसलीसुद्धा. मसाजी तोंडाशी आलेलं गिळून बसला. खाऊ दे चार दिवस, कुणाचं काय बिघडतं, असं त्यानं मनाला समजावलं.

बिघडत होतं ते अंजलीचं. तिचे पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं. नर्स राधिकाबाईंनी रक्तदाब तपासला आणि आजच्या आज हिंगोलीला हलवा म्हणून सांगितलं. सिंधूबाई दारात आडवी उभी राहिली. राधिकाबाई तीनदा आल्या, तीनदा परत गेल्या. तिसऱ्या खेपेला, बुधवारी, त्या वाटेत मसाजीपाशी थांबल्या, तेव्हा कुठे त्यानं हाकेचं सांगितलं.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"ती हसली होती, बाई," मसाजी म्हणाला.

राधिकाबाईंचा नवरा पोलिसात जमादार होता. खटका दाबून बोलायचं आणि सोडून ऐकायचं, हे यंत्र त्यांनी त्याच्या कमरेला पाहिलं होतं. ती जोडी असते, त्या म्हणाल्या. एक महाराजांच्या हातात असेल तर दुसरं जवळच कुठेतरी असणार.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पुन्हा गर्दी जमली. राधिकाबाई जीप घेऊन आल्या होत्या, जमादार नवराही सोबत होता. फोन बोलायला लागला तसा मसाजी हळूच निघाला. कडब्याच्या गंजीमागे एक माणूस उकिडवा बसून तोंडाशी यंत्र धरून बोलत होता. मागच्या महिन्यात लोकर घ्यायला म्हणून आलेला, तीन दिवस वाडीत राहून घराघरातलं विचारून गेलेला हाच तो व्यापारी. मसाजीनं त्याच्या हातातलं यंत्र ओढून घेतलं, खटका दाबला आणि आपली नेहमीची हाक घातली. तिकडे महाराजांच्या मुठीतून ती हाक निघाली आणि तिथं बसलेली मेंढरं एकदम उठून उभी राहिली.

"शिवहारच्या माय, मी बोलून राहिलो," मसाजी म्हणाला. "गंजीमागून."

सिंधूबाईनं महाराजांच्या हातातून फोन घेतला. राधिकाबाईंनी तिचा अंगठा खटक्यावर ठेवून दिला.

"मंग शिवहार कुठं हाय?" तिनं विचारलं.

मसाजीनं खटका दाबला.

"न्हाई," तो म्हणाला. "तो गेला. अंजलीला जीपमधी घाल."

जमादारानं दोघांना धरलं. मेलेल्या लेकराचा आवाज काढणाऱ्यावर कोणतं कलम लावायचं, याचा ठाण्यात बराच खल झाला. फसवणुकीचं लागलं. त्याहून पक्कं लागलं ते विनापरवाना वायरलेस बाळगल्याचं.

अंजली वाचली. पोर वाचलं नाही. मुलगा होता. आठ दिवस आधी आणलं असतं तर, एवढंच डॉक्टर बोलले. महाराजांचा पहिला गुरुवार ते दुसरा गुरुवार, आठच दिवस होतात.

अजूनही कुठे बुवाभोवती गर्दी दिसली की मसाजी मेंढरं थांबवून गर्दीत शिरतो. लोक रागावतात, त्याला नास्तिक म्हणतात. तो सगळं ऐकून घेतो आणि मग सांगतो, "यंत्रात कोनी देव बसत न्हाई. खटका दाबणारा माणूस राहतो, त्याला हुडका. आन् सापडला तर त्याच घडीला बोला. त्या महाराजानं खोटं सांगितलं. मला खरं ठाव होतं, मी सांगितलं न्हाई. नातू दोघांनी मिळून मारला."