तात्यांसाठी केलेली तीनचाकी

माझ्या हातचं वेल्डिंग तुटलं असं कुणी म्हणालं, तर मी आजही त्याच्या अंगावर धावून जातो. तेव्हा तर विचारूच नका. बारामतीत भिगवण रस्त्याला माझं गॅरेज होतं, वय एकतीस होतं, आणि मोटारसायकलीतलं आपल्याला कळत नाही असं काही उरलेलंच नाही, अशी माझी ठाम समजूत होती.

आम्ही इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचे धनगर. माझे वडील भीमा, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. जन्मभर ते मेंढरांमागं चालले. मी थोरला, त्यामुळं त्यांच्यानंतर काठी माझ्या हातात यायची होती. अठराव्या वर्षी मी पाना हातात घेतला. तात्या भांडले नाहीत, पण तेरा वर्षांत एकदाही गॅरेजची पायरी चढले नाहीत. बाजाराला आले की समोरच्या हॉटेलात बसायचे आणि निरोप पाठवायचे, मग मीच रस्ता ओलांडून जायचो. चहा व्हायचा, पावसापाण्याचं बोलणं व्हायचं, माझ्या कामाबद्दल अवाक्षर नाही. धाकटा संभाजी मेंढरांमागं राहिला.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात तात्या घोड्यावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, आता घरातल्या घरात काठीवर चालतील, तेवढंच समजा. दर दिवाळीनंतर आमचा वाडा हलतो. वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री, बायकापोरं, सगळं चालतं बिऱ्हाड. ते घाट उतरून कोकणात जातं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतं. चाळीस वर्षं त्या वाटेनं चाललेला माणूस खाटेवर पडून पत्र्याकडं बघत राहिला.

त्यांनी एकच गोष्ट मागितली. दिवाळीच्या पाडव्याला आमच्यात मेंढरं पूजतात. घरातला कर्ता माणूस कळपात शिरतो, मेंढरांना हळदकुंकू लावतो, भंडारा उधळतो, आणि मगच वाडा हलतो.

"औंदा पाडव्याला मला मेंढरात जायाचंय," तात्या म्हणाले.

मेंढरं होती वरच्या माळावर. रस्ता नाही, मधे ओढा, पुढं सगळी दगडाळ चढण. बैलगाडीचे धक्के त्यांना सोसणार नव्हते, घोड्यावर मांडी फाकत नव्हती. मेंढरंच खाली आणू म्हटलं, तर खाली चहूकडं उभी पिकं. झोळीत घालून खांद्यावरून नेऊ का, असं संभाजीनं विचारलं तर तात्या कडाडले, "मी जित्ता हाय अजून!"

तेव्हा मी म्हणालो, "तात्या, मी न्हेतो तुमास्नी. गाडी करतो."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कर."

तो एक शब्द घेऊन मी बारामतीला आलो. तेरा वर्षांत माझ्या कामाबद्दल ते पहिल्यांदा काही बोलले होते.

काटेवाडीचा इंद्रजित मातीतल्या रेस खेळायचा. पुण्या-कोल्हापूरच्या रेसमध्ये त्याचं नाव होतं. हात मोडून घेतल्यावर घरच्यांनी त्याला गाडीला हात लावू दिला नाही, आणि ती गोठ्यात कडब्याखाली पडून होती. उंच पुढचा फोर्क, मातीत रुतून ढकलणारे जाड नक्षीचे टायर, आणि सायलेन्सर काढून लावलेली नुसती मोकळी नळी. मी त्याला कशासाठी ते सांगितलं. "घिऊन जा सिद्धूदादा," तो म्हणाला. दुसरी एक मोडकी गाडीही त्यानं दिली.

दोन महिने मी दुसरं काम नीट केलं नाही. गिऱ्हाइकांना शिव्या घातल्या, त्यांनी मला घातल्या. पुढचा अर्धा भाग रेसच्या गाडीचा तसाच ठेवला. मागं दोन चाकांना मिळून एक जाड शाफ्ट टाकला, मधोमध चेनचं दातेरी चक्कर बसवलं, आणि शाफ्टला बेअरिंग घातली मळणीयंत्राची. पहिल्यांदा वळवली तर बाजूला उलटली आणि मी खाली सापडलो. मग मागची चाकं हातभर रुंद केली, बैठक खाली घेतली. मागचं चक्कर मोठं केलं, म्हणजे पळेल कमी आणि चढेल जास्त. बैठक जीपची, तिच्याखाली स्प्रिंगा, आणि वर माझ्या बायकोनं, मनिषानं, लोकर भरून शिवलेली गादी.

पिंपळीच्या बाजूला मुरुमाच्या खाणीत मी ती आठ-दहा दिवस घुमवली. तात्यांच्या वजनाची पोती मागं बांधून चढवली, उतरवली, ओढ्यातून काढली. एकही पोतं कधी पडलं नाही. एके दिवशी मनिषा डबा घेऊन आली होती. ती कानावर पदर दाबून उभी राहिली.

"आवं, आवाज लई हाय ओ हिचा."

"आवाज न्हाय ती, ताकद हाय," मी खेकसलो. "सायलेन्सर लावला तर चढावर गुदमरती. तुला काय कळतंय त्यातलं?"

ते खरंही होतं, गुदमरायची. पण त्याहून खरं म्हणजे तो आवाज मला आवडायचा. खाण सगळी दणाणून जायची.

पाडव्याच्या सकाळी टेम्पोतून गाडी वरकुट्याला आणली. आईनं तात्यांना नवं धोतर नेसवलं, लाल पटका बांधला. भंडाऱ्याची पिशवी त्यांनी छातीशी धरली. आम्ही त्यांना उचलून गादीवर बसवलं. ते बैठकीवरून, चाकांवरून हात फिरवत राहिले. मी किक मारली, गावातली कोंबडी उडाली, पोरं ओरडत मागं लागली.

ओढा ओलांडला. चढ लागला. मी मागं वळून वळून बघत होतो, दुखून त्यांचं तोंड वाकडं होतंय का म्हणून. आणि अर्ध्या चढावर त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला. थापटलं त्यांनी, दोनदा. कानाशी तोंड आणून ओरडले, "झ्याक चढतीया की रं!"

माझे डोळे भरून आले. त्या क्षणी मला जगात दुसरं काही नको होतं. मी मूठ पिळली आणि गाडी तशीच शेवटच्या उंचवट्यावर काढली.

समोर आमचा वाडा. बायका ताटं घेऊन उभ्या, मेंढरं दाटीनं उभी, आणि संभाजी दोन्ही हात वर करून हलवत आमच्याकडं पळत येतोय. मला वाटलं, आनंदानं येतोय. म्हणून मी आणखी पिळली.

तो थांब म्हणत होता.

सगळा कळप एकदम फुटला. ताटं उडाली, एक म्हातारी खाली पडली, कुत्री भुंकत सुटली. मेंढरं एकमेकांवर चढत पलीकडच्या घळीकडं पळाली. गाभण मेंढ्या पोटं सांभाळत धडपडत होत्या. तात्या "हाऽऽ हाऽऽ" करत त्यांची नेहमीची हाळी देत होते, चाळीस वर्षं जिला मेंढरं थांबली ती हाळी, आणि माझ्या मोकळ्या नळीपुढं ती मलाच नीट ऐकू येत नव्हती. मी इंजिन बंद केलं तोवर माळ रिकामा झाला होता.

संभाजी आणि महिपती नावाचा आमचा एक भाऊबंद कळपामागं धावले. मी तात्यांना उतरवून घोंगडीवर बसवलं. तासाभरानं मेंढरं हळूहळू परत आली, त्यातली दोन लंगडत होती. तात्यांनी हाळी दिली. पुढची दोन-चार मेंढरं माना वर करून त्यांच्याकडं निघाली. तात्यांना उचलून जवळ नेऊ म्हणून मी पुढं झालो, तर तीही बुजून मागं फिरली. माझ्या कपड्यांना, हातांना, सगळ्या अंगाला पेट्रोलचा वास होता.

"सिद्धू," तात्या हळूच म्हणाले, "तू जरा लांब थांब, बाबा."

मी लांब थांबलो, दोनशे पावलांवर, गाडीपाशी. तिथून पूजा बघितली. मेंढरं त्यांच्याभोवती गोळा झाली, मांडीपर्यंत आली. एकेकीचं तोंड हातात धरून ते तिच्याशी बोलत होते, कुंकू लावत होते, आणि पटक्याच्या टोकानं डोळे पुसत होते. मी धनगराचा थोरला मुलगा. आमच्या घरची पूजा मी परक्या गावातल्या पाहुण्यासारखी बघितली.

दिवस कलला तेव्हा त्यांना खाली न्यायची वेळ झाली. मेंढरं जवळच होती, त्यामुळं इंजिन चालू करायचा प्रश्नच नव्हता. संभाजीनं घोंगडीची झोळी केली, काठीला बांधली. तात्या आपण होऊन तीत आडवे झाले. मी गाडी ढकलत मागून निघालो.

ओढ्याशी संभाजी आणि महिपतीनं झोळी टेकवली तेव्हा तात्यांनी मला जवळ बोलावलं. मी गुडघ्यावर बसलो. शिव्या येतील म्हणून मान खाली घातली. शिव्या आल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

"ल्हानपणी तूच राखायचास की मेंढरं," ते म्हणाले. "फटाका वाजला तरी पळत्यात, ठावं व्हतं तुला." मग अगदी हळू, जेवलास का विचारावं तसं विचारलं, "इसारलास व्हय रं?"

मला सांगता आलं असतं की सायलेन्सर लावल्यावर चढत नव्हती. ते खोटं नव्हतं. पण दोन महिने त्या गाडीचा एकेक बोल्ट माझ्या डोक्यात होता, आणि मेंढरू एकदाही आलं नव्हतं.

"व्हय, तात्या," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "आसू दे," म्हणाले.

फाल्गुनात ते गेले. वाडा तेव्हा कोकणात होता. संभाजी दोन दिवसांनी पोचला. मी मात्र शेवटपर्यंत उशाशी होतो. ते ग्लानीत एकेका मेंढीला नावानं हाका मारत होते. मी प्रत्येक हाकेला ओ देत होतो.