राखेच्या मडक्यातला मोबाइल

मी मोबाइल बोलतोय. आजवर नुसता वाजलो, आज बोलणार आहे. दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवण्यात जन्म गेला, आणि जे एक बोलणं पोचायलाच हवं होतं तेच माझ्या पोटात मेलं. त्याचा राग आहे मला. पाण्यावर थोडा आहे, माणसांवर जास्त आहे.

माझा जन्म झाला कुठल्याशा कारखान्यात, पांढरे हातमोजे घातलेल्या हातांत. पहिला मालक वर्ध्याचा मोतीलाल, कापडाचा व्यापारी. हा माणूस फोनवर इतका ओरडायचा की पलीकडच्याला माझ्याशिवायही ऐकू गेलं असतं. रंगीत पडद्याचे फोन निघाले तसा मी त्याला लाजिरवाणा वाटू लागलो. त्यानं मला जुन्या फोनांच्या दुकानात टाकून दिलं. ज्याला रात्रंदिवस कानाशी धरलं त्याला सोडताना माणसं एकदा मागे वळूनही पाहत नाहीत, हे मी तिथे शिकलो.

दोन हजार सहा साली पवनारची धुरपताबाई मला घेऊन गेली. धाम नदीच्या अंगाला तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, बंडूजींचा, भाजीचा मळा. तिच्या बोटांना मातीचा आणि सांबाराचा वास. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. शाळेत ती कधी गेली नव्हती. एसटीच्या पाट्या आणि बाजारातली वजनं पाहून आकडे शिकली आणि माझी बटणं दाबून दाबून अक्षरं. नंबर साठवायला तिला कोणी शिकवलं नाही, आठ दिवस मला छळून ती स्वतःच शिकली. साठवला एकच. नाव लिहिलं 'र'.

र म्हणजे रंजिता. तिची एकुलती एक पोरगी. हमरस्त्यावरच्या जाम गावी, चौकात ट्रक थांबतात, त्यातल्या एका ट्रकच्या ड्रायव्हरशी, नयनशी, पोरीनं मी घरात येण्याच्या तीन वर्षं आधी आपल्या मनानं लग्न केलं. बंडूजींनी सांगून टाकलं होतं, "माया घरात तिचं नाव निंगलं नाई पायजे." नाव निघालं नाही. पण धुरपताबाईनं मला घेतलं ते त्यासाठीच. जामला एका टायरवाल्याच्या टपरीवर तिनं आपला नंबर देऊन ठेवला, तो ट्रकातून फिरत फिरत पोरीपर्यंत पोचला. मग महिन्यातून एखाद्या दुपारी, बंडूजी झोपले की मी वाजायचो. दीड मिनिट बोलणं. गाडी नेईल तिथं त्यांची खोली, कधी रायपूर, कधी त्याच्याही पुढे. पत्ता विचारायला वेळ पुरला नाही.

बंडूजींना सगळं ठाऊक होतं. म्हातारा डोळे मिटून पडायचा, झोपायचा नाही. एकदा छपराकडे पाहत म्हणाला, "ज्याचा कोनाचा नंबर असंन, भिताडावर लिहून ठेव. यंत्राचा काय भरोसा?"

त्यांची भिंत कोळशानं भरलेली असायची. एसटीच्या वेळा, वांगी कधी लावली, गाय कधी व्याली.

धुरपताबाई फणकारली, "तुमचा कोळसा तुमच्याजवळच ठेवा. माया मोबाइलमधी हाय सगळं."

मी खूश झालो होतो तेव्हा. आता ते वाक्य आठवलं की माझ्या उरलेल्या बॅटरीला चटका बसतो.

त्या हिवाळ्यात, एका बुधवारी, रंजिताचा फोन आला.

"आई, मले सातवा लागला."

धुरपताबाईनं मेथीच्या वाफ्यातलं खुरपं बाजूला ठेवलं.

"पह्यलं बाळंतपण माहेरी असते म्हनतात. बाबाले विचार. हो म्हनले तर रविवारपर्यंत फोन करजो. नाई आला तर मी समजून घेईन काय समजायचं ते. मंग मी पुन्हा फोन नाई करणार. कधीच नाई."

"अवो रंजे, असं काऊन बोलून राह्यली?"

"तुयीच पोरगी आहो मी," ती म्हणाली आणि तिनं फोन तोडला.

धुरपताबाईनं त्याच संध्याकाळी विचारलं. बंडूजी कूस बदलून पडले. गुरुवारी त्यांनी माळ्यावरची मोडकी बाज खाली काढली. शुक्रवारी दिवसभर नव्या सुतळीनं ती विणत बसले. धुरपताबाई दाराआडून पाहत राहिली. तोंड उघडलं तर म्हातारा बिथरेल, म्हणून गप्प. आणि शनिवारी भल्या पहाटे, बाजाराचा सांबार काढताना, वाफ्यात वाकलेल्या बंडूजींनी मान वर न करताच म्हटलं, "बोलाव पोरीले."

"काय म्हनलं?"

"हो म्हनलं. कानात तेल टाकत जाय."

धुरपताबाईनं मला बटव्यातून ओढून काढलं. 'र' पडद्यावर आला. एक बटण दाबायचं बाकी होतं. ते दाबलं असतं तर आज मी गप्प असतो.

पण ती थांबली. "दोन जीवाची पोर, झोपली असंन. बाजारातून येऊन करतो," असं म्हणाली आणि मला बटव्यात ठेवायच्या ऐवजी सांबाराच्या ढिगावर ठेवून जुड्या बांधायला बसली.

जुडी बांधणाऱ्या बाईचे हात पाहिलेत कधी? डोळे कुठेही असोत, हात आपले चालतात. मूठभर उचल, अंबाडीची साल गुंडाळ, गाठ मार, बाजूला टाक. त्या दिवशी तिचे डोळे भरलेले आणि ओठांवर अंगाईची ओळ. एका मुठीत मी आलो. साल गुंडाळली गेली, गाठ बसली. मग भाजी टवटवीत दिसावी म्हणून सगळ्या जुड्या हौदात बुचकळतात, तशी माझीही बुचकळली गेली. मी आत बुडबुडे सोडले. कोणाला ऐकू गेले नाहीत.

वर्ध्याच्या बाजारात एका गिऱ्हाइकानं जुडी झटकली आणि मी तिच्या पायावर पडलो.

"अवो बाई, सांबारावर मोबाइल फुकट देऊन राह्यली का?"

सगळा बाजार हसला. धुरपताबाई हसली नाही. टोपली तशीच सोडून ती पहिल्या एसटीनं घरी आली.

आणि मग तिनं जे केलं ते तिच्या मळ्यात शंभर टक्के बरोबर असतं. वांग्याचं ओलं बी ती राखेत घालते. राख ओल पिते, बी वर्षभर टिकतं. तिच्या आईनं केलं, आजीनं केलं. तिनं बियांच्या मडक्यात मला पुरलं आणि वरून फडकं बांधलं. तिची माया खोटी नव्हती. पण मी बी नव्हतो. ओली राख माझ्या भोकाभोकांतून आत शिरली आणि मला कुरतडू लागली.

रविवारी सकाळी तिनं मला उकरलं. मी मेलेलाच. मग ती तडक वर्ध्याला, निकेशच्या दुरुस्तीच्या दुकानात. निकेश हुशार होता, त्याचे हात चांगले होते. फक्त कान दुसरीकडे होते.

त्यानं मला उघडलं आणि ओरडला, "मावशी, हे काय? याच्यानं भांडे घासले का?"

"हसनं मंग कर. याच्यात एक नंबर हाय. तेवढा काढून दे."

त्यानं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहिलं. "सिममधी नाई. फोनच्या पोटात असंन."

"मंग काढ पोटातून. आजच पायजे. फोन गेला चुलीत, मले नंबर दे. समजलं का?"

"हो हो," निकेश म्हणाला, आणि त्याच दमात दुसऱ्या गिऱ्हाइकाला कव्हरांचे रंग दाखवू लागला. माणसांचं 'हो हो' म्हणजे काय असतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

त्यानं ब्रश मारला, पेट्रोलनं धुतलं, दिव्याच्या उष्णतेखाली ठेवलं. धुरपताबाई बाकावर बसून राहिली. पाण्याचा घोटही घेतला नाही. बारा वाजता माझा पडदा उजळला, पण पुढे सरकेना. मी आत ओरडत होतो, आहे, 'र' आहे, मला थोडं सुकू दे! निकेशनं मला वायर जोडली आणि नवं सॉफ्टवेअर मारलं. जुनं सगळं पुसलं गेलं. तीन वाजता मी गाणं म्हणत जिवंत झालो.

"घ्या मावशी! कोरा करकरीत!"

तिनं नावांची यादी उघडली. एकही नाव नाही. पुन्हा उघडली.

"र कुठी गेला?"

"सॉफ्टवेअर मारलं ना, सगळं साफ होते. पर फोन पहा कसा वाचला!"

धुरपताबाईनं मला त्याच्यासमोर धरलं. "फोन कोनाले पायजे होता रे? सकाळपासून एकच गोष्ट सांगून राह्यली मी. तुयं तोंड 'हो हो' करत होतं, कान कोनाजवळ ठेवले होते?"

निकेश खाली पाहू लागला. तेवढं तरी त्यानं केलं.

ती तशीच जामला गेली. रस्ता रुंद करताना टायरवाल्याची टपरी उठून गेली होती. दुसऱ्या दिवशी आलेल्या फोनांचे नंबर मागायला फोन कंपनीच्या ऑफिसात गेली. तिथे कळलं, दुकानदारानं सिम भलत्याच माणसाच्या नावावर दिलं होतं. 'माहिती मिळणार नाही. पुढचे कोण, या.'

त्या रविवारी संध्याकाळी ती जामहून घरी आली होती तेव्हा बंडूजी अंगणात उभे होते. नव्यानं विणलेली बाज दिवसभर उन्हात टाकलेली, तिच्यावर धुतलेली गोधडी.

"लागला का फोन?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. ते भिंतीविषयी बोलले नाहीत, कोळशाविषयी बोलले नाहीत. एक टोमणा मारला असता तर ती भांडून मोकळी झाली असती. त्यांनी गोधडीची घडी घातली आणि बाज भिंतीला उभी करून ठेवली.

दोन वर्षं झाली. त्या बाजेवर आता लसूण वाळतो. माझा पाचचा आकडा दबत नाही, आवाज खरखरतो, राख अजून आत आहे. धुरपताबाई मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधते. मी वाजलो की पहिल्याच घंटीला उचलते, "रंजे?" पलीकडून कोणी बाई छापील आवाजात गाण्यांची जाहिरात सांगते. धुरपताबाई ती पूर्ण ऐकते. मधेच तोडत नाही, न जाणो.

मला वाचवलं म्हणतात. कशासाठी, ते कोणी सांगत नाही.

रंजिता, तू मानी आहेस, तुझ्या आईचीच आहेस. तुझं लेकरू आता चालत असेल. फोन आला नाही आणि तू समजून घेतलंस, पण चुकीचं समजून घेतलंस गं. त्या शनिवारी, उजाडायच्या आधी, सांबाराच्या वाफ्यात तुझ्या बापानं 'हो' म्हटलं होतं. मी तिथेच होतो. मी ऐकलं आहे.