शून्यावरचं बटण

सोलापुरात वादक पुष्कळ असतील. पण दर रविवारी तीस किलोचं खोकं रिक्षात घालायचं, हॉटेलचे दोन जिने चढवायचं, दोन तास त्याच्यापुढे उभं राहायचं आणि त्यातून चिमणीएवढाही आवाज काढायचा नाही, हे काम करणारा एकटा मल्हारच.

खोकं म्हणजे त्याच्या बेस गिटारचा अँप, तिचा आवाज मोठा करणारा स्पीकर. चार जाड तारांची ही गिटार दिसायला रुबाबदार असते, पण तिचा आवाज गाण्याच्या तळाशी राहतो. असला की कुणाला कळत नाही, नसला की गाणं लंगडं होतं. निदान मल्हार तरी असंच मानायचा. चौदा महिन्यांपूर्वी त्याचा तो समज पार मोडला.

होटगी रोडवरच्या 'चांदणी' नावाच्या पबमध्ये दर रविवारी दुपारी शिवयोगीचा बँड वाजवायचा. शिवयोगी गायचा, सुकन्या त्याच्या जोडीला गायची, सिद्धलिंग ऑक्टोपॅड बडवायचा आणि मल्हार बेस धरायचा. एका रविवारी शिवयोगी लॅपटॉप घेऊन आला. त्यात गाण्यांचे तयार ट्रॅक होते. व्हायोलिनं होती, बासरी होती आणि अर्थातच बेसही होता. पहिल्याच गाण्यात ट्रॅकमधला बेस आणि मल्हारचा बेस एकमेकांच्या पायात पाय घालून पडले. शिवयोगी मागं वळून कुजबुजला, "आजच्या दिवस बंद ठेव बे तुझं. लै गिचका होतोय."

मल्हारनं अँपचं बटण शून्यावर नेलं आणि मुक्या तारांवर बोटं फिरवत राहिला. त्या दिवशी टाळ्या नेहमीएवढ्याच पडल्या. मॅनेजर तर जाताना म्हणाला, की आज आवाज जरा स्वच्छ वाटला. त्या 'आजच्या दिवसा'ला आता चौदा महिने झाले होते.

बँड सोडतो, असं तो एकदा म्हणाला होता. शिवयोगीनं त्याला खांद्याला धरून बाजूला नेलं. "सोडून काय करतोस? चार माणसं दिसली तर बँड म्हणत्यात बे, तीन दिसली तर भजन." मग निदान अँप तरी आणत नाही, असं मल्हार म्हणाला, तर त्यालाही शिवयोगीची ना. "खोकं नसलं की स्टेज मोकळं दिसतंय. आण की. फक्त लाल दिवा चालू ठेव."

इथवर ऐकून कुणी म्हणेल, बिचारा मल्हार. पण लाज वाटावी अशी गोष्ट पुढंच आहे. तीनेक महिन्यांत मल्हारला हे आवडायला लागलं. खरंच वाजवायचा तेव्हा सगळं लक्ष बोटांत असायचं, कपाळावर आठ्या असायच्या. आता चुकायची भीतीच उरली नव्हती. तो डोळे मिटायला शिकला, मान झुलवायला शिकला, मधेच ओठ चावायला शिकला. लोक त्याचे पूर्वीपेक्षा जास्त फोटो काढायला लागले. घरचा सराव आधी एक दिवसाआड झाला, मग रविवारपुरता, मग तोही राहिला. एकदा तव्यावरची भाकरी उलटताना बोटाला चटका बसला आणि तो दचकला. तारांनी बोटांच्या टोकाला पाडलेले घट्टे गेले होते. त्या आधी त्या बोटांना कधी चटका कळत नसे. त्यानं बोट पाण्यात धरलं, आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं तरी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गावाकडं, नातेपुत्याच्या अलीकडं, त्याचे वडील होते. बिरप्पा. हयात मेंढरांमागं गेलेली आणि चाळीस वर्षं बिरोबाच्या देवळात ढोल वाजवलेला. पोरगं सोलापुरात 'बेस' वाजवतंय, असं त्यांनी गावभर सांगितलं होतं, आणि त्यातून गंमत व्हायची. गावात बेस म्हणजे झकास. लोक विचारायचे, "बेस वाजवतंय ते कळलं की, पर वाजवतंय काय?" बिरप्पा म्हणायचे, "तेच की, बेस." हा किस्सा ते फोनवर हसून हसून सांगायचे. पूर्वी मल्हारही हसायचा. हल्ली मात्र तो शब्द कानावर आला की मल्हार विषय बदलायचा, कारण आता तो शब्द दोन्ही अर्थांनी खोटा होता. आणि तरीही, "कसं चाललंय?" असं विचारलं की तो सांगायचा, "लई कार्यक्रम हायती आबा, बोटं दुखत्यात."

मग एका शनिवारी आबांचा फोन आला. "बाळासोच्या भाचीचं लगीन हाय सोलापुरात. अक्षदा पडल्या की येतो तुज्याकडं. ऐकतो आन् पाचच्या गाडीनं माघारी."

"आबा, तितं दारू असती."

"आमी काय प्यायला येतोय व्हय? ऐकाय येतोय."

बाळासो सोबत येणार, हे ऐकून मल्हारला घाम फुटला. बाळासो म्हणजे आबांच्याच ढोल मंडळातला गडी आणि गावाचं वर्तमानपत्र. त्याच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत टेंभुर्णीला पोचायची.

रविवारी दोनच्या सुमाराला दोघं 'चांदणी'त शिरले. बिरप्पांच्या डोक्याला लग्नातला गुलाबी फेटा होता, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. दारावरच्या माणसानं आधी त्यांच्या वहाणांकडं बघितलं, मग बाळासोनं त्याला काहीतरी सांगितलं आणि त्यानं स्टेजजवळचं टेबल दाखवलं. वादकाचा बाप आलाय, असंच बाळासोनं सांगितलं असणार, हे मल्हारला स्टेजवरूनही कळलं. बिरप्पा बसले आणि पोराकडं बघून हसले. देवळात ढोल गळ्यात घालायच्या आधी हसायचे, तसंच.

गाणं सुरू व्हायला अर्धं मिनिट होतं. मल्हारचा हात अँपच्या बटणाकडं गेला. नुसतं फिरवायचं होतं. पण या गाण्याची पट्टी शिवयोगीनं सुकन्यासाठी कधी बदलली होती, ते त्याला माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही राहिलं नव्हतं. बोटं मऊ, तारा गंजलेल्या आणि समोर बाळासो. चुकलो तर आबांसमोर चुकेन, त्यापेक्षा आहे ते बरं, असा हिशेब त्यानं केला. हात परत आला. शिवयोगीनं लॅपटॉपची कळ दाबली.

ट्रॅकमधला बेस भिंतीवरच्या स्पीकरांतून घुमला. मल्हारनं डोळे मिटले, मान झुलवली. त्या दिवशी त्यानं जरा जास्तच झुलवली.

डोळे उघडले तेव्हा बिरप्पा स्टेजवर चढलेले होते.

त्यांच्या मंडळाची एक रीत होती. कुणाचं पोर पहिल्यांदा चारचौघांत वाजवायला लागलं, की वडीलधाऱ्यानं वाजवणं चालू असतानाच पुढं व्हायचं, वाद्याला भंडारा लावायचा आणि तळहात तिथं ठेवून ठोका अंगात घ्यायचा. टाळ्या वगैरे नंतर. बिरप्पांनी कमरेच्या पिशवीतून हळदीची चिमूट काढली, गिटारची वायर कुठं जाते ते नजरेनं शोधलं आणि खोक्यापुढं वाकले. जाळीवर पिवळी बोटं ओढली. मग तळहात टेकवला.

मल्हार मुक्या तारा ओढत राहिला. थांबणार तरी कसा?

ढोलाचं चामडं दमटलंय की तापलंय, हे ज्याला अंधारात हात ठेवून कळतं, त्याला रिकामं खोकं कळायला किती वेळ लागणार? बिरप्पांनी हात जरा खाली सरकवला. मग मधोमध. मग कानही लावला. घुमारा भिंतीतून येत होता, खोकं दगडासारखं गप्प होतं. त्यांनी वर बघितलं. आधी मल्हारच्या बोटांकडं, मग तोंडाकडं. रागावले असते तर मल्हारला सोसलं असतं. पण ते घाबरल्यासारखे दिसत होते. पोराला काही दुखणं झालंय आणि ते आपल्याला आत्ता कळलं, असे.

ते उठले, खाली उतरले, खुर्चीत बसले. गाणं संपलं. टाळ्या ओसरल्यावर बाळासोचा आवाज अख्ख्या हॉलनं ऐकला. "कसं हाय रं बिरप्पा? आपल्या ढोलाएवडा जोर हाय का त्यात?"

बिरप्पांनी आपल्या तळहाताकडं बघितलं. "हाय की," म्हणाले. "लई... लई जोर हाय. हात झिणझिणला माजा."

"खरं का पोराचं म्हनून?" बाळासो हसत होता. "हाताला भंडारा हाय बग तुज्या."

"भंडारा उचलून सांगतो," बिरप्पा म्हणाले आणि पिवळा तळहात त्यांनी वर धरला.

शिवयोगी हसला, सुकन्याही हसली, पुढच्या टेबलावरच्या बायका कौतुकानं बघायला लागल्या. हे काय चाललंय ते त्या हॉलमध्ये तिघांनाच कळत होतं, आणि त्यातल्या बाळासोला अर्धंच. त्यांच्यात भंडारा उचलला की बोलणं संपतं. बांधाचं भांडण असो, हरवलेलं मेंढरू असो, भंडारा उचलून सांगितलेलं खरं धरायचं. मल्हार लहान असताना एका मेंढ्यावरून तंटा झाला होता. मेंढा आपलाच, अशी बिरप्पांची जवळजवळ खात्री होती. पण जराशी शंका होती, म्हणून त्यांनी भंडारा उचलला नाही. मेंढा दुसऱ्याच्या कळपात गेला आणि ते निवांत जेवायला बसले. त्या माणसानं आज लॅपटॉपच्या बेससाठी हात वर केला होता.

पुढची गाणी मल्हारनं कशी काढली, ते त्याला सांगता आलं नसतं. डोळे मिटायचं मात्र त्याच्यानं झालं नाही.

स्टँडवर पोचले तेव्हा साडेचार झाले होते. बाळासो गाडी लागली का बघायला पुढं गेला आणि बापलेक एकटे राहिले. बिरप्पा समोरच्या फळाच्या गाड्याकडं बघत होते.

"बिघडलंय व्हय रं ते?" त्यांनी हळूच विचारलं.

व्हय म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. बापानं दार उघडून धरलं होतं. पण मल्हारला आता आणखी एक खोटं गिळवेना. "न्हाई आबा. मीच बंद ठेवतो."

"कदीपासनं?"

"वरीस झालं. वर दोन म्हैनं."

बिरप्पांनी मान हलवली. "मला वाटायचं, बोटं दुखत्यात पोराची," ते म्हणाले. "तुजी आय रोज तेल लावाय सांग म्हनायची."

मल्हारला रडू आलं नाही. लाजेनं अंग इतकं तापलं होतं, की रडायला आत काही ओलं उरलंच नव्हतं. तो वाकला आणि पायावर डोकं ठेवलं. उठला तेव्हा सवयीनं बिरप्पांचा उजवा हात भंडारा लावायला त्याच्या कपाळाकडं आला, आणि मधेच थांबला. त्यांनी तळहात उलटा करून बघितला आणि सदऱ्याला पुसला. हळद निघाली नाही, सदऱ्यालाच लागली.

"आज ह्या हातानं नगं," ते म्हणाले.

"आबा, मी बाळासोकाकांना खरं सांगतो. आत्ताच सांगतो. माजी काय अब्रू जायची ती जाऊ द्या."

"तुजी जाईल. आन् म्या भंडारा उचललाय त्येचं?" बिरप्पांचा आवाज पहिल्यांदा चढला. "गावात तोंड कुटं लपवू? बिरप्पानं खोटा भंडारा उचलला, आसं म्हनत्याल. गप ऱ्हा आता. जलमभर गप ऱ्हा."

तेवढ्यात गाडी लागली आणि बाळासो हाका मारायला लागला. बिरप्पा चढले. मल्हारनं पिशवी वर दिली आणि खिडकीखाली उभा राहिला. बोलायचं खूप होतं, पण बोलायचा हक्क त्यानं दुपारी दोन वाजता घालवला होता, आणि ते त्याला पुरतं कळलं होतं.

आत बाळासोनं शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या जोडप्याला धरलं होतं. "हे खाली हुबं हाय ते ह्येंचंच पोरगं. मोठ्या हाटेलात वाजवतंय. मशिनीवर! बिरप्पा, सांग की ह्यास्नी, हात लावल्यावर कसं झालं ते."

मल्हारनं वर बघितलं. बिरप्पांनी एकवार खिडकीतून त्याच्याकडं बघितलं आणि तोंड आत वळवलं.

"आवो, हातच काय घिऊन बसलाय," ते म्हातारीला म्हणाले, "हितं छातीत धडधडलं माज्या. पायाखालची फळी हालत व्हती. चाळीस वरीस ढोल वाजवला म्या, पर असला ठोका न्हाई ऐकला."

हॉलमध्ये हेच बोलताना बाप अडखळला होता. या खेपेला अडखळला नाही.