मालकाकडून येणे बाकी

गाडी धुऊनपुसून अंगणात उभी केली, तेव्हा बायको म्हणाली, "लग्नातसुद्धा तुम्ही स्वतःला एवढं घासलं नव्हतं." सकाळपासून ट्रकची दहा चाकं घासून खांदे भरून आले होते, आणि दुपारी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं.

गिऱ्हाईक म्हणजे सायलेंसर. डेअरीच्या टँकरवर नऊ वर्षं ड्रायव्हर. बोलणं इतकं कमी की हे नाव का पडलं ते कोणी विचारत नाही. त्याला स्वतःची गाडी घ्यायची होती, मला माझी विकायची होती. शिवाय तो डेअरी सोडणार म्हणून त्याची जागा रिकामी होणार होती, आणि ती मॅनेजरने मला कबूल केली होती. महिना सव्वीस हजार, रविवारी सुट्टी, संध्याकाळी सहाला घरी. म्हणजे त्याने माझ्या गाडीत चढायचं आणि मी त्याच्या टँकरवर. पोरगी दहा वर्षांची. तिला मी जास्त करून फोनमध्येच भेटतो. तिने तर सहा वाजलेलं घड्याळ कागदावर काढून दाराच्या आत चिकटवूनही टाकलं होतं.

अडचण एकच होती, पैशांची. इंजिन बांधायला घेतलेलं धरून कर्ज नऊ लाख चाळीस हजार बाकी. बाजारात गाडीला सात लाखांच्या वर कोणी बोलत नव्हतं. सायलेंसर मात्र साडेनऊ द्यायला तयार होता. त्याला गाडी माहीत होती, मी माहीत होतो आणि भाव करणं त्याला माहीत नव्हतं. असा माणूस पुन्हा मिळणार नव्हता.

आमच्याकडे दोन वह्या आहेत. निळीत फेरीचा हिशेब, लालमध्ये गाडीचा. हे शहाणपण माझंच. माझ्यासारखे बरेच मालक-ड्रायव्हर असंच करतात. फेरी संपली की निळीत हातात सुटलेले पैसे दिसतात आणि जीव खूश होतो. टायर, विमा, परवाना, क्लचप्लेट फेरीत येत नाहीत, त्यांचं आलं तेव्हा बघू. आणि गाडी चालवणारा मीच, त्यामुळे ड्रायव्हरचा पगार कुठल्याच वहीत नाही. दोन महिन्यांपूर्वी बायकोने दोन्ही वह्या शेजारी ठेवून बेरीज केली. त्यानंतर आम्ही गाडी विकायचं ठरवलं.

आज निळी वही टेबलावर होती. लाल तिने पिठाच्या डब्यामागे सारली होती.

"त्याने विचारलं तर?" ती म्हणाली.

"नाही विचारणार. मी तरी कुठे विचारलं होतं?"

मला गाडी विकणाऱ्या म्हाताऱ्याने एकच वही दाखवली होती आणि वर माझी पाठ थोपटली होती. सात वर्षं मी त्याला दर टायरमागे एक शिवी देतोय.

सायलेंसर वेळेवर आला. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, खाली वाकून स्प्रिंगचे पाटे बघितले, केबिनमध्ये बसला आणि स्टीअरिंगवर हात ठेवून पाच मिनिटं नुसता समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. तो काय बघत होता ते मला चांगलं ठाऊक होतं. मीही बघितलं होतं.

मग आत येऊन त्याने निळी वही वाचली. खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं.

"फेरीला बासष्ट हजार भाडं. डिझेल छत्तीस, टोल सहा, हमाली-जेवण चार. सुटले सोळा. महिन्याला चार फेऱ्या, चौसष्ट. फायनान्सवाला म्हणतो हप्ता एकतीस बसेल. तरी तेहतीस उरले. आणि मुख्य म्हणजे ड्रायव्हर ठेवायचा नाही. मीच चालवणार. तेवढा खर्च वाचला."

"बरोबर," मी म्हणालो.

"कर्जाच्या वरच्या रकमेसाठी बायकोच्या बांगड्या मोडतोय. तिला सांगितलंय, दोन वर्षांत नव्या करतो."

बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती माझ्याकडे बघायला लागली. मूग गिळून बसलो असतो तर अर्ध्या तासात बयाणा हातात आला असता. सोमवारपासून सहाला घरी. पण "तेवढा खर्च वाचला" हे माझं वाक्य होतं. सात वर्षांपूर्वी मी ते म्हाताऱ्याला अस्संच ऐकवलं होतं, आणि म्हाताराही "बरोबर" म्हणाला होता.

"डेअरी तुला सव्वीस हजार कशाचे देते रे?" मी विचारलं. "तोंड बघून?"

"टँकर चालवायचे."

"मग ही चालवायचे कोण देणार?"

"मालकाने पगार कशाला घ्यायचा?"

"मालकाने नाही घेतला तर नाही. ड्रायव्हरचं काय? तो फुकटा आहे का?"

माझा आवाज चढला होता. राग त्याचा नव्हता, पण समोर तोच होता. तेवढ्यात बायकोने कप खाली ठेवले, आत गेली आणि लाल वही आणून त्याच्या कपाशेजारी ठेवली. मी तिला सांगितलं नव्हतं.

त्याने पान न् पान वाचलं. मग पेन्सिलीने कागदावर मांडलं. लाल वहीचे वर्षाचे दोन लाख अठ्ठावीस हजार, म्हणजे महिन्याला एकोणीस. तेहतीसमधून एकोणीस गेले, उरले चौदा. त्यातून ड्रायव्हरचे सव्वीस काढायला गेला आणि पेन्सिल थांबली.

"बारा हजार कमी पडतात," तो म्हणाला.

"दर महिन्याला."

"मग तुम्ही कसं भागवता?"

"दिसतंय ना. चौदात."

त्याने चहा संपवला, कागदाची पुन्हा घडी घातली. "मला का सांगितलंत, मालक?" त्याने विचारलं. चांगुलपणा वगैरे नव्हता. मला फक्त त्या म्हाताऱ्यासारखं व्हायचं नव्हतं, आणि त्याची किंमत इतकी असेल याचा हिशेब मी तोंड उघडण्याआधी केला नव्हता.

"वहिनी, येतो," म्हणून तो बाहेर पडला. खिडकीतून दिसत होता. गाडीला टेकून त्याने फोन लावला. "साहेब, माझा राजीनामा फाडून टाका," तो म्हणाला. "नाही, कुठे जात नाही मी." बोलता बोलता तो माझ्या गाडीच्या बंपरवरून हात फिरवत होता. माझी नोकरी गेली ती अशी, माझ्याच अंगणात, मला ऐकू येईल अशा आवाजात.

तो गेल्यावर मी पुन्हा गणित मांडलं. फेडायचं कर्ज तीन वर्षांचं. विकली तर जवळजवळ अडीच लाख अंगावर, नाही विकली तर पुन्हा तेच टायर. मी बायकोला म्हणालो, "बोल काहीतरी. शिव्या तरी घाल."

"लाल वही मीच आणली," ती म्हणाली.

पाचला दलालाचा फोन आला. "मालक, उद्या माल आहे. भाडं तेच. लावताय ना गाडी?" हप्ता दहा तारखेला होता. मी हो म्हणालो.

दाराच्या आतलं घड्याळ काढून टाकायला मी उठलो, तर बायको म्हणाली, "राहू द्या. तिला मी सांगेन." मग तिने निळी वही उघडली, उद्याची तारीख टाकली, फेरीचं नाव, डिझेल, टोल, हमाली असं आखून घेतलं आणि खाली एक नवी ओळ लिहिली. ड्रायव्हरचा पगार, महिना सव्वीस हजार, येणे बाकी.

"कोणाकडून येणे?"

"मालकाकडून."

"तो देणार नाही."

"मला माहितीये. त्याच्याबरोबर संसार करते मी." तिने वही माझ्यापुढे सरकवली. "सही करा."

मी ड्रायव्हर म्हणून सही केली. तिने बोट थोडं खाली ठेवलं, म्हणून मग मालक म्हणूनही केली.